पदवीनंतरची पस्तीस वर्षं

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बंधपत्रित सेवेवर येणाऱ्या महिला डॉक्टरांच्या राहण्याच्या सोयीबाबत

महोदय,

रखमाबाईंचं नाव निघालं की आपल्याकडे खटला आठवतो. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न, नांदायला जायला दिलेला नकार, नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली लावलेला दावा. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, अपिलात निकाल फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. महिला दिनाच्या भाषणात हे सगळं रंगवून सांगतात, मग ‘आणि पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या’ असं एक वाक्य येतं, टाळ्या पडतात, वक्ता खाली बसतो.

डॉक्टर झाल्या तेव्हा त्या तिशीच्या होत्या. पुढे पस्तीस वर्षं त्यांनी नोकरी केली. मला त्या पस्तीस वर्षांबद्दल बोलायचं आहे. कारण दरवर्षी शेकडो मुली एमबीबीएस होऊन आपल्या खात्यात रुजू होतात आणि त्यांच्याबाबतीतही आपली नजर पदवीपाशीच थांबते. मी स्वतः शासकीय सेवेतून निवृत्त झालेली वैद्यकीय अधिकारी आहे, म्हणून हे थोडं अधिकारानं लिहिते.

रखमाबाई १८८९ साली इंग्लंडला गेल्या. त्यामागे मोठा हात होता मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पिची यांचा. एडिनबरा विद्यापीठात वैद्यकीला प्रवेश मिळवून शेवटी पदवीविना बाहेर पडलेल्या सात बायकांपैकी या एक. त्यांनी परीक्षा दुसऱ्या देशांत जाऊन दिल्या. त्यांच्याच जोडीदारीण सोफिया जेक्स-ब्लेक यांनी १८७४ मध्ये लंडनमध्ये फक्त स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय उभारलं. त्याच ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन’मध्ये रखमाबाई शिकल्या, रॉयल फ्री रुग्णालयात हात बसवला आणि १८९४ मध्ये स्कॉटलंडची वैद्यकीय अर्हता घेऊन परतल्या. दारं बंद झालेल्या बायकांनी बांधलेल्या कॉलेजातून आलेली ही मुंबईची मुलगी मग सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाली.

इथून पुढचं कुणी सांगत नाही.

सुरतेत बायका दवाखान्याची पायरी चढायला घाबरत. तिथे गेलेलं माणूस परत येत नाही, अशी समजूत. सांगतात की रखमाबाईंनी अडलेली एक गाभण शेळी रुग्णालयात आणून तिला सोडवलं, शेळी आणि करडू दोन्ही सुखरूप निघाली, तेव्हा बायका यायला लागल्या. मला ही गोष्ट पटते. खेड्यात नोकरी केलेल्या कोणत्याही डॉक्टरणीला पटेल. आमच्या शेळ्या वेगळ्या असतात इतकंच. प्लेगची वर्षं आली, त्यातही त्या सुरतेतच होत्या. १९०४ मध्ये दादाजी वारले. ज्या लग्नाला त्यांनी कोर्टात उभं राहून नाकारलं होतं, त्याच लग्नाची विधवा म्हणून त्यांनी पांढरं लुगडं नेसलं. भाषणात ही गोष्ट बसत नाही, म्हणून वगळतात. मला वाटतं, बायकांच्या दवाखान्यात रोज घराघरांतल्या सासवांशी गाठ पडणाऱ्या बाईनं तो निर्णय कसा घेतला असेल हे आपण बाहेरून ठरवू नये.

वीसहून अधिक वर्षं सुरतेत काढल्यावर सरकारच्या विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये येण्याचं बोलावणं आलं. ते नाकारून त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि १९३०च्या सुमारास निवृत्त झाल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या नव्वदीत मुंबईत वारल्या.

आता प्रश्न असा की मराठी घरातली, नवऱ्याशी कोर्टकज्जा करून देशभर गाजलेली, एकटी राहणारी बाई परक्या गावात इतकी वर्षं टिकली कशी? ‘जिद्द’ हे उत्तर द्यायला सोपं आहे आणि त्यात कुणाचा पैसाही खर्च होत नाही. जिद्द होतीच. पण त्यांच्या पायाखाली जागा होती. रुग्णालय बायकांचं होतं आणि त्याचा कारभार त्यांच्या हाती होता. यात एक गंमतही आहे. अशी रुग्णालयं निघाली ती पडद्यामुळे, बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नसत म्हणून. म्हणजे ज्या पडद्यानं रखमाबाईंना नोकरी दिली, तोच पडदा जायला हवा असं त्यांनी १९२९ साली पुस्तिका लिहून सांगितलं. पडदा गेला हे चांगलंच झालं. पण पडद्याबरोबर बाई डॉक्टरची हक्काची जागाही गेली आणि तिच्या बदल्यात आपण काय दिलं, हे मी आपल्याला विचारते आहे.

शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या मुलीला एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते, नाहीतर दहा लाख रुपये भरावे लागतात. मला हे बंधपत्र मान्य आहे. जनतेच्या पैशानं शिकलात तर जनतेचं एक वर्ष देणं लागता. पण बंधपत्राला दोन बाजू असाव्यात. मुलीची सही असते, दंडाची रक्कम असते. शासनानं तिला काय द्यायचं, हे कुठल्याच कागदावर धड लिहिलेलं नसतं.

तीस हजार लोकवस्तीला, आदिवासी आणि डोंगरी भागात वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी ती मुलगी आदेश घेऊन तिथे एसटीतून उतरते. क्वार्टर असतं. कागदावर तर असतंच असतं. मला पहिल्या नेमणुकीत मिळालेल्या क्वार्टरमध्ये नळ होता आणि पाणी नव्हतं, दार होतं आणि कडी नव्हती. आधीच्या डॉक्टरांनी तिथे लसीकरणाचे रिकामे खोके रचून ठेवले होते. वरिष्ठांना सांगितलं तर म्हणाले, ‘मॅडम, गावात एखादं चांगलं घर बघा ना.’ गावात एकट्या बाईला घर देणारं कोण असतं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी सरपंचांच्या आईकडे माडीवर राहिले. आईसाहेब प्रेमळ होत्या, पण रात्री कॉल आला की साऱ्या वाड्याला जाग यायची आणि सकाळी ओटीवर चर्चा व्हायची.

ही जुनी गोष्ट झाली, असं आपले अधिकारी आपल्याला सांगतील. हल्ली रुजू झालेल्या मुली मला फोन करतात, त्यांच्या तोंडून मी तेच ऐकते, फक्त खोके आता कोविडच्या किटचे असतात. मग ती मुलगी तालुक्याला खोली घेते. मुख्यालयी राहत नाही म्हणून तिला नोटीस निघते. रात्री बाळंतपण अडलं तर सिस्टर एकटी आणि दुसऱ्या दिवशी बातमी, ‘डॉक्टर जागेवर नव्हत्या’. क्वार्टर जागेवर नव्हतं, अशी बातमी मी अजून वाचलेली नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात निवासी डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. लांबलचक ड्यूटीत पाठ टेकायला ती सेमिनार हॉलमध्ये गेली होती. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय कृतिदल नेमलं आणि सगळीकडे कॅमेऱ्यांची चर्चा सुरू झाली. कॅमेरे बसवा, माझं काही म्हणणं नाही. पण त्या मुलीला हवी होती आतून बंद होणारी एक खोली. अशा खोलीला निविदा लागत नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. बंधपत्राच्या नेमणुकांसाठी समुपदेशन होतं, तेव्हा मुलींसमोर रिक्त पदांची यादी ठेवतात. त्याच यादीत प्रत्येक केंद्रापुढे क्वार्टरची स्थिती लिहावी : पाणी, वीज, संडास, आतून लागणारी कडी, रात्रीचा रखवालदार. ती खातरजमा बांधकाम विभागाच्या अभियंत्यानं जागेवर जाऊन करावी आणि खाली सही करावी, म्हणजे खोटं निघालं तर कुणाला विचारायचं ते कळेल. जिथे क्वार्टर राहण्याजोगं नाही, तिथे ते होईपर्यंत तालुक्यातल्या खोलीचं भाडं आणि रात्रीच्या कॉलसाठी गाडी शासनानं द्यावी आणि त्या काळात मुख्यालयाची नोटीस काढू नये. शक्य असेल तिथे दोघींना एकाच केंद्रावर पाठवावं. दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं असतातच. ड्यूटीची खोली आणि तिला जोडून संडास ही इमारतीच्या नकाशातली गोष्ट आहे, ती नकाशातच सक्तीची करावी.

आणखी एक. बंधपत्र संपलं की या मुलींचं काय होतं, याची नोंद खात्यानं ठेवावी. किती जणी सेवेत राहिल्या, किती जणी सोडून गेल्या आणि का, हे त्यांना कार्यमुक्त करताना एका पानावर विचारून घेता येईल. प्रवेश किती झाले, पास किती झाल्या, हे आपण विधानसभेत सांगता. त्यापुढचा आकडाही सांगावा.

पुढच्या समुपदेशनाच्या आधी यादीत तो रकाना आलेला दिसला, तर मला फोन करणाऱ्या मुलींना मी तो वाचून जागा निवडायला सांगेन. नाही आला, तर माहिती अधिकारात एकेका जिल्ह्याच्या क्वार्टरची माहिती मागवायला मी सुरुवात करणार आहे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि माझ्याकडे आता वेळ भरपूर आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी