विषय: बदली सीपॅप मशीनचं चुकीचं सेटिंग आणि तुमच्या हेल्पलाइनचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी सहावा फोन केला. यापुढे लेखीच बोलू.

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. त्यासाठी स्लीप लॅबने रात्रभर टायट्रेशन करून, म्हणजे दाब कमी-जास्त करून बघून, ९ सेंटिमीटर (पाण्याचा) स्थिर दाब ठरवला होता. प्रिस्क्रिप्शनची प्रत तुमचा माणूस दुरुस्तीच्या मशीनसोबत घेऊन गेला. बदली मशीन मात्र ऑटोवर, म्हणजे दाब आपोआप ४ ते २० मध्ये बदलणारं. पेशंट हार्ट फेल्युअरचा, हृदयाचं पंपिंग (इजेक्शन फ्रॅक्शन) ३० टक्के. अशांना असं सरसकट ऑटो लावत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायचं?

रिपोर्ट जोडला आहे. एएचआय, म्हणजे तासाला श्वास थांबण्याचे किंवा मंदावण्याचे प्रसंग, ३१, त्यातले २४ 'क्लिअर एअरवे'. म्हणजे घसा मोकळा, पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच नाही. आलेख बघा: श्वास चढत जातो, उतरतो, पंचवीस सेकंद सपाट रेषा, पुन्हा चढतो. हे चेन-स्टोक्स. कमजोर हृदय रक्त सावकाश ढकलतं, कार्बन डायऑक्साइडची खबर मेंदूला उशिरा लागते. त्यात पहाटे दाब १५ वर गेला की मास्क गालावरून उचलला जातो आणि लीक वाढली की रिपोर्टचे आकडेही भरवशाचे राहत नाहीत.

हे सगळं ऐकून तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "पट्टा घट्ट करा." क्लिअर एअरवेचा पट्ट्याशी काय संबंध, असं विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, मशीन हवा देतंय. पेशंटच श्वास घेत नाही, त्याला मशीन काय करणार?" वा! श्वास थांबतो म्हणूनच मशीन घेतलं, नुसती हवा हवी असती तर टेबलफॅन स्वस्त पडला असता. मग अकरा मिनिटं होल्डवर तुमची बासरी. आणि शेवटी, "वरचं एएसव्ही मॉडेल घ्या, एक्स्चेंजमध्ये सूट आहे."

एएसव्ही, म्हणजे श्वासागणिक दाबाचा आधार कमी-जास्त करणारं मशीन! पंपिंग ३० ला! २०१५ च्या सर्व्ह-एचएफ चाचणीत ४५ किंवा त्याहून कमी पंपिंग आणि मुख्यतः सेंट्रल अ‍ॅप्निया (मेंदूच्या हुकमाअभावी श्वास थांबणं) असलेल्यांना एएसव्ही लावल्यावर हृदयविकाराने मृत्यूची जोखीम ३४ टक्क्यांनी जास्त निघाली. हा इशारा तुमच्याच मॅन्युअलमध्ये छापलेला आहे. विकणाऱ्याने तो वाचायचा नाही, असा नियम आहे का?

प्रिस्क्रिप्शन ९ चं होतं. ऑटो नाही, ९. दोन दिवसांत टेक्निशियन पाठवून मशीन त्या दाबावर लॉक करा, मूळ मशीन परत द्या आणि एएसव्हीचा सल्ला कुणाच्या सांगण्यावरून दिला ते लेखी कळवा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार, आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोग. कालपर्यंत वॉर्डात कुणी विचारलं तर तुमचंच नाव सुचवत होते. आता नाही.

ता. क. बदली मशीनचा फिल्टरही वापरलेला आहे. पांढरा असतो, हा राखाडी आहे.