पेव्हर ब्लॉक बसवले म्हणजे पायवाट झाली का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात आमच्या माळावरच्या नव्या वॉकिंग ट्रॅकची बातमी वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. फोटो छापलाय तो गेटजवळचा आहे ओ, तिथं सगळं सपाट, तिथं काय बिघडणार. मागच्या चढावर जाऊन बघा. सप्टेंबरच्या दोन पावसात ब्लॉकखालचा मुरूम वाहून गेला, निम्मे ब्लॉक खचलेत, काही तिरके उभे राहिलेत. लोक आता ब्लॉक सोडून कडेच्या गवतातून चालतात, त्यामुळं गवत गेलं, चिखल झाला, मग चिखल चुकवायला अजून बाहेरून, असं करत पाच फुटांची वाट पंधरा फुटांची झालीय.

काम चालू होतं तेव्हा मी रोज तिथं होतो. माझे वडील १९७२ च्या दुष्काळात बांधबंदिस्तीच्या कामावर मुकादम होते, लहानपणी त्यांच्यामागं फिरून पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे बघायची सवय लागलीय. ट्रॅक चढावर सरळ नाकासमोर वर नेताना दिसला तेव्हाच मी तिथल्या माणसाला सांगितलं, बाबा रे, असं केलंस तर पावसात हा ट्रॅक नाही, ओढा होईल. वाट उताराला आडवी घे, दहा मीटरला मीटरभर चढ आला तर बास, खालच्या बाजूला किंचित कल ठेव म्हणजे पाणी वाट ओलांडून निघून जाईल, आणि मधे मधे वाट जराशी खाली उतरवून पुन्हा वर घे, बांधाला सांडवा ठेवतात तसं. तो म्हणाला, काका, प्लॅनमध्ये सरळच आहे. मी प्लॅन बघायला मागितला, दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्या दिवशीही मीटिंगमध्ये.

त्यात खाली आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ती नीट न काढता वर ब्लॉक बसवले तर ते हलणारच. आधीची साधी मुरमाची वाट बरी होती, गुडघ्यालाही मऊ. पहिला पाऊस पडला की आम्ही चौघं फावडं घेऊन चर मोकळे करायचो, वेडी बाभूळ वाटेवर आली की छाटायचो, दोन तासांचं काम. आता ब्लॉकला हात लावायची परवानगी नाही आणि ज्यांचं काम आहे ते पाऊस झाल्यापासून फिरकले नाहीत. नवीन करायला पैसे मिळतात, केलेलं सांभाळायला एक माणूस मिळत नाही.

आणि गेट साडेसहाला का उघडतात? मे महिन्यात सोलापुरात सातला ऊन अंगावर येतं, म्हातारी माणसं पाचपासून बाहेर कट्ट्यावर बसून असतात. हे पण छापा.

फोटोग्राफरला एकदा मागच्या चढावर पाठवा, मी रोज असतो, कुठून पाणी येतं ते हातानं दाखवतो.

आपला,
एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर