शटलचा खर्च आणि कॉलेजची पुंजी

संपादक महोदय,
बॅडमिंटनच्या क्लासची फी पालक आधी विचारतात. खिसा मात्र शटलनी रिकामा होतो. पिसांच्या शटलला 16 पिसं असतात, त्यातलं एक मोडलं तरी शटल भरकटतं. स्मॅशच्या सरावात 12 शटलची नळी बघता बघता संपते. म्हणून फीत शटल धरली आहेत का, हे बालेवाडी असो वा कोथरूड, प्रवेशाआधीच विचारावं. मल्टिशटलच्या, म्हणजे एकामागून एक शटल टाकून घेतलेल्या सरावाला वापरलेली शटल पुरतात.

स्पर्धांच्या हंगामात हा खर्च जड झाला, तर मुलीच्या कॉलेजसाठी उघडलेल्या सुकन्या समृद्धी (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) खात्याचा हप्ता कमी करावा, बंद नको. वर्षाला किमान 250 रुपये न भरल्यास 50 रुपये दंड बसतो. दहावीनंतर किंवा 18 वर्षं पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीपैकी निम्मी रक्कम काढता येते.

– एक पालक, पुणे