चित्रातल्या बाटल्या तळाला गेल्या

मा. संपादक,

समुद्रसफाईला कालच्या अंकात अर्धे पान दिलेत, आभार. पण ते चित्र! भर महासागरात बाटल्यांचे बेट आणि मागून जाळे ओढणारे जहाज. पाण्याच्या बाटलीचे पेट प्लास्टिक समुद्राच्या पाण्याहून जड असते (घनता 1.38, पाण्याची 1.025). झाकण निघून पाणी शिरले की बाटली बुडते. तरंगते ते झाकण, कारण ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनचे. उत्तर पॅसिफिकमधल्या कचऱ्यावर 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या सुमारे 79 हजार टनांत 46 टक्के वजन मासेमारीच्या जाळ्यांचे आहे. चित्रकाराने जाळे काढले खरे, पण जहाजामागे. पाण्यात काढायचे राहिले.

चौकटीत तुकड्यांची आणि वजनाची टक्केवारी एकाच रकान्यात कोंबली आहे. त्याच अभ्यासात 94 टक्के तुकडे 5 मिलिमीटरहून लहान आहेत, वजनात त्यांचा वाटा मात्र 8 टक्के. म्हणजे टनावारी माल उपसला तरी बहुतेक तुकडे पाण्यातच. जाळीचे डोळे बारीक करावेत, तर पृष्ठभागावरचे जीवही गोळा होतात.

'आपोआप चालणाऱ्या' यंत्रणेचे कौतुकही शिळेच. 'ओशन क्लीनअप' या समुद्रसफाई करणाऱ्या संस्थेचा 600 मीटरचा तरंगता अडथळा 2018 मध्ये कधीकधी कचऱ्याहून सावकाश सरके आणि अडवलेले प्लास्टिक निसटे. डिसेंबरात त्याचा 18 मीटरचा तुकडाच सुटला. पुढे दोन जहाजांनी ओढणे आले, म्हणजे इंधनही आले.

नदीत अडवणे लेखकाने दोन ओळींत उरकले. वास्तविक लेख तिथूनच सुरू व्हायला हवा होता. तरंगता अडथळा प्रवाहाला तिरपा बांधावा लागतो, म्हणजे कचरा काठाकडे सरकतो आणि सरकत्या पट्ट्याने उचलता येतो. काटकोनात बांधला तर तो मधोमध साचतो आणि पाण्याचा वेग वाढताच झालरीखालून (अडथळ्याखाली पाण्यात लोंबणाऱ्या पडद्याखालून) पसार होतो. झालर खोल करावी, तर ओढ वाढून नांगर सरकतात. मुखाजवळ भरतीला प्रवाह उलटतो, तेव्हा साठलेले सगळे वरच्या अंगाला पसरते. पुरात ओंडके, जलपर्णी वेगळीच. ग्वाटेमालात 2022 मध्ये नदीत उभारलेल्या जाळीच्या पायाखालची मातीच पाण्याने खरवडून नेली होती.

पुढच्या वेळी यंत्राचा फोटो नसला तरी चालेल. अडथळा रिकामा कोण करते, किती वेळा, आणि तो मातकट, ओला कचरा जातो कुठे, एवढे छापा.

चौकटीची दुरुस्ती छापणार असाल, तर कृपया त्याच पानावर. मागची छोट्या जाहिरातींखाली सापडली होती.

आपला,
एक वाचक