डाव्या पायाचं काय करायचं

कोल्हापूर,
रविवार दुपार

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "पप्पा, ऑटोमॅटिक घेऊ का मॅन्युअल?" आणि मी पटकन बोलून गेलो, "गिअर नसलेली गाडी ही काय गाडी असते व्हय?" तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन मम्मीकडे द्यायला सांगितलास. तुझं ते "बरं" दोन दिवस टोचतंय. मोबाईलवर टाइप करायला बसलो तर बोटं चालेनात, म्हणून कागद घेतला. मम्मी फोटो काढून पाठवेल.

पहिल्यांदा माझीच चूक दुरुस्त करतो. चौतीस वर्षं उद्यमनगरात हॉबिंग मशीनवर गिअर कापले आणि ऑटोमॅटिकला 'गिअर नसलेली' म्हणालो. उलट ऑटोमॅटिकच्या पेटीत कधी कधी मॅन्युअलपेक्षा जास्त दातं असतात. जुन्या धाटणीच्या ऑटोमॅटिकमध्ये प्लॅनेटरी गिअर असतो. मधे एक गिअर, त्याला सूर्य म्हणायचं, त्याच्याभोवती फिरणारे तीन-चार ग्रह, आणि बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेलं कडं. एका विंचच्या ऑर्डरीत असली कडी आमच्याकडं आली होती. आतले दाते हॉबवर होत नाहीत, शेपिंग मशीनवर एकेक करून काढावे लागतात. पहिली दोन कडी मी वाया घालवली आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या. हे सगळं माहीत असून तुला तसं उत्तर दिलं. शिवाय ही काही काल-परवाची फॅशन नव्हे. अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीत हे बसवून विकत होते. आपल्याकडं स्वस्तातली ऑटोमॅटिक यायला २०१४ उजाडलं, मारुतीची सेलेरिओ आली तेव्हा.

आता तुझ्या प्रश्नाकडं येतो. तू कुठं चालवणार? वाकड ते हिंजवडी, रोज, जाऊन-येऊन. मी एक उद्योग केला. काल संध्याकाळी मम्मीला घेऊन ताराराणी चौकातून गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला गेलो, आणि क्लच किती वेळा दाबतो ते मोजलं. नग मोजायची सवय आहेच. मम्मीच्या हातात शेंगदाण्याची पुडी होती. दर दहा दाबण्यांना तिनं एक शेंगदाणा डॅशबोर्डवर ठेवायचा. गंगावेशीत पोचलो तेव्हा सात शेंगदाणे आणि वर चार. म्हणजे चार-पाच किलोमीटरला ७४ वेळा, आणि ते कोल्हापुरात, जिथं ट्रॅफिक म्हणजे महाद्वार रोडला एक रिक्षा आडवी आली एवढंच. मम्मी म्हणाली, "झालं मोजून? खा आता ते." तुझ्या हिंजवडीच्या रस्त्याला पुडी पुरायची नाही.

गुडघ्याचं तुला सांगितलं नव्हतं. जिना उतरताना डाव्या गुडघ्यात कळ येते. डॉक्टरांनी वयाचं नाव घेतलं. मी क्लचचं घेतो. आणि रखडत्या ट्रॅफिकमध्ये माणूस काय करतो, तर क्लच अर्धा दाबून गाडी रांगवत नेतो. मग प्लेट घासत राहते आणि एक दिवस करपल्याचा वास येतो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा सगळा सेट बदलावा लागतो. तुला मॅन्युअल स्वस्त पडेल म्हणून कुणी सांगत असेल तर त्याला हा खर्च विचार.

तेव्हा तू ऑटोमॅटिकच घे. पण कुठली, हे शोरूमवाला धड सांगत नाही. त्याच्या लेखी सगळ्याच ऑटोमॅटिक.

तुझ्या बजेटात बहुतेक एएमटी येईल. एएमटी म्हणजे आपलाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आत एक अदृश्य ड्रायव्हर बसवलेला. मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नासेक हजार जास्त पडतात, ॲव्हरेजला फारसा फरक नाही. खोड एकच. गिअर बदलताना क्षणभर ओढ सुटते आणि गाडीतल्या सगळ्यांच्या माना नंदीबैलासारख्या डुलतात. त्या वेळी ॲक्सिलरेटर जरा सैल सोडला की डुलणं कमी होतं. आठवड्याभरात पायाला कळतं.

चढावर मात्र लक्ष दे. तुझ्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे ना? टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतो, तसं करू नकोस. गाडी तुझ्या त्या रॅम्पवर घेऊन जा, मधे थांबव, ब्रेक सोड आणि बघ. मागं किती सरकते? हिल होल्ड असेल तर दोन-तीन सेकंद धरून ठेवते, नसेल तर सरकते. आणि चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही. पायाखाली क्लच नसला तरी आत क्लच प्लेटच घासत असते. ब्रेक धरून थांबायचं. बऱ्याच एएमटीत 'पी' म्हणजे पार्किंगचा खटका नसतो, तिथं गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा. 'पी' असलेली घेतलीस तर आधी हँडब्रेक, ब्रेकवरचा पाय थोडा सैल करून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ दे, मग 'पी'. नाहीतर आतल्या एवढ्याशा खिट्टीवर सगळी गाडी टांगली जाते.

हप्ता थोडा वाढला तरी चालेल म्हणत असशील तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी बघ, पण त्यांना लाखाच्या पुढं जास्त मोजावे लागतील. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये समोरासमोर दोन पंखे आणि मधे तेल. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाच्या जोरावर दुसरा फिरतो. लोण्यासारखी चालते. सीव्हीटीत टप्पेच नाहीत, दोन पुल्या आणि एक पोलादी पट्टा. गावात झकास, पण ओव्हरटेकला पाय खाली दाबलास की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागनं येते. डीसीटी मला कारागीर म्हणून सगळ्यात आवडते. दोन क्लच, एकाकडे एक-तीन-पाच, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा, आणि पुढचा गिअर आधीच लावून तयार. लै चलाख काम. पण सुक्या, म्हणजे तेलात न बुडवलेल्या क्लचची असेल तर मुंगीच्या पावलानं चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापते. तुझा रस्ता तसलाच, म्हणून तुला नको. इलेक्ट्रिकचं मी बोलतच नाही. त्यात गिअर बदलणं हा प्रकारच राहिला नाही, असल्या गाड्या आधी आल्या असत्या तर माझं घर कशावर चाललं असतं?

मी ऑटोमॅटिक चालवलीय, हेही तुला माहीत नाही. मामाची नवी गाडी. चैत्रात जोतिबाला निघालो होतो, मामा म्हणाला, "दाजी, घ्या की जरा हातात." घेतली. कावळा नाक्याला सिग्नल लाल झाला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं डावा पाय क्लच दाबायला खाली गेला. क्लच नव्हताच. पाय बसला रुंद ब्रेकवर, तोही क्लच दाबायच्या ताकदीनं. गाडी जागच्या जागी थिजली. मामीच्या मांडीवरची गुलाल-खोबऱ्याची पिशवी पुढच्या काचेवर. मागनं एक पोरगी स्कूटरवर, कशीबशी थांबली आणि ओरडली, "ओ काका, झोपलाय काय?" मामा गप. मम्मी खिडकीबाहेर बघत हसत होती, मला आरशात दिसलं. पुढं जोतिबापर्यंत मी डावा पाय सीटखाली दुमडून चालवली. तूही पहिले आठ दिवस तसंच कर. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्हीला उजवाच पाय.

मॅन्युअलची बाजू अजिबात मांडली नाही तर झोप लागायची नाही. बॅटरी उतरली तर मॅन्युअल चार पोरं धक्का मारून चालू करतात, ऑटोमॅटिक तशी होत नाही. डिकीत जंपर केबल ठेव. आणि घाट. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मी दुसऱ्या गिअरवर असतो, इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं, ब्रेक थंड राहतात. ऑटोमॅटिक 'डी'मध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हमध्ये सोडून नुसत्या ब्रेकवर उतरायला गेलं की ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. तेव्हा उतारावर 'एम' म्हणजे मॅन्युअल लावून गिअर आपल्या हातानं खाली घे, नाहीतर 'एल' म्हणजे लो लाव. ती सोय त्यासाठीच दिलेली असते, पण निम्म्या लोकांना त्या अक्षराचा उपयोग माहीत नसतो. तुझा काका अजून न्यूट्रल करून घाट उतरतो, पेट्रोल वाचतं म्हणून. आताच्या गाड्या गिअरमध्ये असताना पाय काढला की उतारावर इंजिनाचं पेट्रोल बंदच करतात. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला जाळावं लागतं. त्याला किती वेळा सांगितलं. ऐकत नाही.

आणि रिव्हर्सचा आवाज. मॅन्युअल गाडी मागं घेताना जो कुईं आवाज येतो ना, तो का येतो सांगू? पुढच्या गिअरांचे दाते तिरके कापलेले असतात, एकमेकांत हळूच शिरतात म्हणून शांत चालतात. रिव्हर्सला बहुतेक सरळ दाते असतात, ते एकदम एकमेकांवर आपटतात. कमी चालणारा गिअर, कोण कशाला तिरका कापत बसेल! मी कापलेत ते. गल्लीत कुणी गाडी मागं घेतली की माझे कान आजही तिकडं जातात.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. लिहायला इतकी पानं का लागली ते तुझ्या लक्षात येईल.

वाघबीळ. तुझं लायसन नवं होतं, आपली सेकंडहँड मारुती होती, पन्हाळ्याला निघालो होतो. उसाचा सीझन. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चढावर थांबला आणि तू थांबलीस. निघायला गेलीस तर गाडी बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी हातभर मागं गेली आणि मागच्या एसटीनं हॉर्न दिला. आणि मी ओरडलो, "उतर खाली!" सगळ्या रस्त्यादेखत. तू उतरलीस, मी फिरून तुझ्या जागी बसलो. तू मागच्या सीटवर जाऊन बसलीस, मम्मीशेजारी. पन्हाळ्यावर झुणका-भाकर घेतली, तू खाल्ली नाहीस.

त्यानंतर तू गाडीची चावी मागितली नाहीस. आठ वर्षं. लायसन पाकिटात, आणि तू रिक्षात, कॅबमध्ये, मित्रमैत्रिणींच्या गाडीत. मी मम्मीला म्हणायचो, हिला आवडच नाही. मम्मी काही बोलायची नाही.

चढावर गाडी कशी काढायची हे मी तुला शिकवलंच नव्हतं. हँडब्रेक ओढायचा, पहिला टाकायचा, क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनाचा आवाज जड झाला आणि बॉनेट जरासं वर उचललं की थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. पाच मिनिटांचं काम. मला येतं म्हणून तुला येणारच असं धरून चाललो. कारखान्यात नवा पोरगा आला तर त्याला आठ दिवस मशीनला हात लावू देत नव्हतो, शेजारी उभं करून दाखवत होतो. तुला तेवढेही दिले नाहीत.

म्हणून परवा तू 'ऑटोमॅटिक' म्हणालीस तेव्हा मला वाघबीळच ऐकू आलं, आणि वाईट वाटलं ते तोंडातून तसं बाहेर पडलं. तुला क्लच नको असेल तर नको. आपल्याकडं चारचाकीचं लायसन दोन्हीला एकच, कुणी काही विचारत नाही. मीही विचारणार नाही. कधी मॅन्युअल शिकावीशी वाटली तर जुनी गाडी दारात आहे आणि रंकाळ्याकडं सकाळी सहाला रस्ता मोकळा असतो. नाही वाटली तरी गाडी दारातच राहील.

टेस्ट ड्राइव्ह झाली की रॅम्पवर किती मागं सरकली ते कळव. इंचात नको, हातात सांग. दिवाळीला येशील तेव्हा नवी गाडी घेऊनच ये. येताना घाई नको, साताऱ्यात चहाला थांब. मम्मी म्हणते ती तुझ्याकडून शिकणार, माझ्याकडून नाही. मी मागं बसेन, तोंड बंद ठेवून.

तुझा,
पप्पा

ता. क. पन्हाळ्याला आपण पुन्हा जाऊ. तू चालव. झुणका-भाकर माझ्याकडून.