चर्चला येऊ न शकणाऱ्यांसाठी तुमचा वेळ हवा आहे

प्रिय बंधुभगिनींनो,

रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, वर्षानुवर्षे आपल्या शेजारच्या बाकावर बसणारी काही माणसे आता दिसत नाहीत. कुणाला पक्षाघात झाला आहे, कुणाचे गुडघे साथ देत नाहीत, तर कुणाला अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराला एकटे सोडून उंबरठा ओलांडता येत नाही. सुरुवातीला आपण चौकशी करतो, घरी जाऊन येतो. मग आपापल्या व्यापात तेही मागे पडते. ही माणसे आपल्या धर्मग्रामाची (पॅरिशची) आहेत, त्यांच्यातील कित्येकांनी हे चर्च उभे ठेवायला आयुष्यभर हातभार लावला आहे. त्यांच्यापर्यंत नियमित पोहोचायचे, असे धर्मग्राम परिषदेने ठरवले आहे. त्यासाठी हे आवाहन.

आधी माणसे हवी आहेत, पैसे त्यानंतर.

सध्या घरोघरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, नेण्याचे काम फादर आणि मोजके सेवक करतात. यादी वाढत चालली आहे, त्यामुळे एका घरात जेमतेम काही मिनिटे मिळतात. आजाऱ्याला मात्र बोलायचे असते. टेबलावर पांढरे कापड, त्यावर क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला अशी तयारी सकाळपासून करून ठेवलेली असते. पाणी यासाठी की ज्याला गिळायला त्रास होतो, त्याला प्रसादाचा अगदी लहानसा कण दिला जातो आणि तो घोटभर पाण्याबरोबर घशाखाली उतरतो. सेवक गळ्यातली छोटी गोल डबी उघडतो, प्रार्थना होते, प्रसाद दिला जातो, आणि लगेच पुढच्या घराची वेळ झालेली असते. एवढी वाट पाहणाऱ्या माणसाला याहून अधिक वेळ मिळायला हवा.

जवळ बसल्याशिवाय कळत नाहीत अशा गोष्टीही असतात. ‘सकाळी गोळीबरोबर दोन घास खाल्ले, आज प्रसाद नको,’ असे म्हणून मागे सरणारे वृद्ध आम्हाला भेटतात. वास्तविक कॅथलिक चर्चच्या नियमांच्या १९८३च्या धर्मसंहितेनुसार वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही प्रसादापूर्वीच्या एका तासाच्या उपवासाचे बंधन नाही. तैलाभ्यंगाच्या, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याच्या, संस्काराबाबतही असाच गैरसमज आहे. हा संस्कार केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही, हे जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले. तरीही ‘फादरांना बोलावले तर आई घाबरेल’ म्हणून घरचे थांबतात, आणि आई शुद्धीत नसताना फोन येतो. कृपा करून इतके थांबू नका. गंभीर आजाराचे निदान झाले, मोठी शस्त्रक्रिया ठरली किंवा वयोमानाने शक्ती फारच खालावली, की तेव्हाच कळवा. आजारी व्यक्तीला स्वतः प्रार्थनेत भाग घेता येतो, घरच्यांनाही धीर येतो.

ख्रिस्तप्रसाद नेण्याची सेवा सामान्य भाविकांनाही करता येते. १९७३ साली व्हॅटिकनने तशी वाट मोकळी करून दिली. त्यासाठी आवश्यक प्रशिक्षण आणि रीतसर नेमणूक होईल, कुणालाही तयारीविना पाठवले जाणार नाही. पण प्रत्येकाने हेच काम करावे असे नाही. ज्यांची नजर गेली आहे त्यांना त्या रविवारची वाचने वाचून दाखवणारे हवेत. गाडी असलेल्यांनी एखाद्या आजोबांना मिस्सेला आणून परत सोडले, तर तीही मोठीच मदत.

सर्वांत जास्त गरज आहे ती बदलीवर बसणाऱ्यांची. अंथरुणावरच्या माणसाची काळजी घेणारी मुलगी, सून किंवा पती स्वतः धडधाकट असूनही महिनोन्‌महिने चर्चला आलेले नसतात, कारण घरी दुसरे कुणी नसते. आपल्यापैकी एकाने मिस्सेच्या वेळेत त्या घरी बसायचे, म्हणजे त्यांना येता येईल. या कामाला कसलीही खास पात्रता लागत नाही. वेळ पाळणे आणि घरातले ऐकलेले घरातच ठेवणे, एवढे पुरे. परिषदेच्या मते या संपूर्ण योजनेतले सर्वांत मोलाचे काम हेच आहे आणि तरुणांनी ते मनावर घ्यावे अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आता पैशांविषयी. इ. स. १५५च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले. त्यात दोन गोष्टी लागोपाठ येतात. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (धर्मगुरूंचे दीक्षित साहाय्यक) प्रसाद घेऊन जातात. आणि ऐपत असलेले स्वेच्छेने जे देतात, त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परक्या ठिकाणाहून आलेल्यांची काळजी घेतली जाते. म्हणजे आम्ही नवीन काही मागत नाही, रविवारच्या दानाचे हे पहिल्यापासूनचेच काम आहे.

जमलेल्या निधीतून व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची आणि हवेची गादी घेतली जाईल. गरजूंना त्या वापरायला मिळतील आणि काम झाले की परत येऊन दुसऱ्या घरी जातील. तुमच्या घरी अशा वस्तू पडून असतील, तर त्या चांगल्या स्थितीत असल्यास जरूर द्या. दुसरा खर्च चर्चच्या दाराशी उतार बांधण्याचा. केवळ पायऱ्यांमुळे घरी बसलेले काही जण आहेत. व्हीलचेअर सुरक्षितपणे चढवायची तर एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबीचा उतार लागतो, त्यामुळे बाजूच्या दारापासून वळण घेऊन तो बांधावा लागेल.

ज्या कारणासाठी दान दिले, त्याच कारणासाठी ते वापरले पाहिजे, असा धर्मसंहितेचा नियम आहे. त्यामुळे या निधीचे खाते वेगळे राहील, त्यातला पैसा इतर कामाकडे वळवला जाणार नाही आणि हिशेब सूचनाफलकावर लावला जाईल. पाकिटावर ‘आजारी सेवा निधी’ असे लिहून ते दानपेटीत टाका किंवा कार्यालयात देऊन पावती घ्या. ज्यांची स्वतःचीच ओढाताण चालली आहे, त्यांनी संकोच बाळगू नये. त्यांनी आम्हाला मदत मागावी, त्यासाठीच हा निधी आहे.

घरी असलेल्या आपल्या ज्येष्ठांनाही एक विनंती आहे. धर्मग्रामातील प्रार्थनेच्या विनंत्या दर आठवड्याला तुमच्याकडे पाठवण्याचा विचार आहे. कुणाची परीक्षा, कुणाची नोकरी, कुणाच्या घरातला कलह, या सर्वांसाठी तुमच्या प्रार्थनेची आम्हाला खरोखर गरज आहे.

आपल्या माहितीत घरी अडकलेले कुणी असेल तर आधी त्या व्यक्तीला विचारून, तिची हरकत नसेल तरच नाव कळवावे. सेवेसाठी नावे देण्याचे अर्ज कार्यालयात आणि चर्चच्या मागच्या टेबलावर ठेवले आहेत. आठवड्याला एक तास की महिन्याला एक, हे तुम्हीच ठरवून अर्जात लिहा. जमेल तेवढेच लिहा, म्हणजे वाट पाहणाऱ्याचा हिरमोड होणार नाही. ११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्णदिन. त्या दिवशीच्या मिस्सेत नव्या सेवकांना आशीर्वाद देऊन कामाला सुरुवात करायची आहे, तेव्हा प्रशिक्षणाला पुरेसा अवधी मिळेल अशा बेताने जानेवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत अर्ज भरून द्यावेत.

आपली,
धर्मग्राम परिषद