आपल्या नावाने येणाऱ्या बनावट मेलबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
हॉटेल भागीदार सहाय्य विभाग

महोदय,

सातारा ते कास रस्त्यावर आमचे छोटे लॉज असून निम्म्याहून अधिक बुकिंग आपल्या संकेतस्थळावरून येते. ऐन फुलांच्या हंगामात आम्हाला आपल्या बोधचिन्हासह मेल आला. एका पाहुण्याने अस्वच्छतेची तक्रार केली आहे, चोवीस तासांत खुलासा न दिल्यास खाते बंद होईल, असे त्यात होते. लिंक उघडल्यावर ‘मी रोबोट नाही’ अशी चौकट आली आणि खाली सूचना होती: विंडोजचे बटण व आर एकत्र दाबा, मग कंट्रोल व व्ही, मग एंटर. काउंटरवरच्या आमच्या मुलीला हे खटकले, म्हणून तिने पुढे काहीच केले नाही. ती बटणे दाबली असती, तर पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा संगणकात चालून पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आत शिरला असता. हॉटेलांवरील नेमक्या याच पद्धतीच्या हल्ल्यांची माहिती मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्येच जाहीर केली होती, त्यामुळे आपल्याला याची कल्पना नव्हती असे म्हणता येणार नाही.

हा मेल आम्ही आपल्याला कळवला, तेव्हा ‘अनोळखी लिंक उघडू नका’ एवढेच छापील उत्तर आले. परंतु आपले खरे मेलही असेच असतात. तेच बोधचिन्ह, तीच मुदतीची घाई आणि लॉगिनची तशीच लिंक. मग खरे कोणते आणि खोटे कोणते, हे रात्रपाळीच्या पोराने कशावरून ओळखायचे? एकदा खाते चोरांच्या हाती गेले की ते आपल्याच चॅटमधून पाहुण्याला त्याचे नाव, तारखा बिनचूक सांगून पैसे मागतात, आणि ते भरून आलेले कुटुंब आमच्या दारात उभे राहते तेव्हा जाब आम्हाला द्यावा लागतो.

यापुढे मेलमध्ये लॉगिनची लिंक देऊ नये व प्रत्येक तक्रार खात्यातच दाखवावी. दुहेरी पडताळणी, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डसोबत आणखी एक ओळख तपासणी, सर्व हॉटेलांना सक्तीची करावी. खाते ताबडतोब गोठवता येईल असा, मराठी समजणारी व्यक्ती उचलेल असा दूरध्वनी क्रमांक द्यावा. हंगामात तासाभराच्या उशिरानेही पाहुण्यांचे पैसे जातात.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आम्ही नोंद केली आहे. मूळ मेल सोबत जोडला आहे. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी सुरू होण्यापूर्वी लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
लॉजचालक, कास रस्ता, सातारा